बर्फवाली थांबली का?

ईशान, तारा,

हे तुम्ही वाचावं म्हणून लिहिते आहे, पण यात बोलणार आहे मी सुजाताशी. तुम्ही दोघांनी शेजारी बसून ऐकायचं. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा. त्याचं मराठी अजून शाबूत असावं.

आत्ताच का, ते आधी सांगते. गेल्या रविवारी तारा, तू फोन खाली धरून मला तुझी नडगी दाखवलीस. पट्टी बांधलेली होती. डॉक्टरांनी दोन महिने पळू नको म्हणून सांगितलं आहे आणि तुझी शर्यत महिन्यावर आली आहे. तू हसून म्हणालीस, "आजी, मी धावणारच. तुमची बर्फवाली थांबली होती का?" मी म्हटलं, कुकरची शिट्टी झाली, आणि फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

सुजाता गेली एवढंच मी तुम्हाला कळवलं होतं. त्याला आज तेवीस दिवस झाले. जे कळवलं नाही, ते आता तिलाच सांगते.

सुजाता,

पहिल्या दिवशी तू मला ओळखलंस, मी तुला नाही. माझ्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. हातात चहाचा कप धरवत नव्हता. नुसत्या मलमाने काही होणार नाही, ताकद वाढवा, असं डॉक्टर म्हणाले. मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर बायकांची व्यायामशाळा आहे असं कळलं, म्हणून सिडकोतून रिक्षा करून आले. जिना चढून वर आले तर तू दारात कमरेवर हात ठेवून उभी होतीस. चाळिशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची, कपाळावर पिठाचा पांढरा पट्टा.

"या मॅडम. मी सुजाता. दहावी ब. तुम्ही मला इंग्रजीत नापास केलं होतं."

मी म्हटलं, "मी कुणाला नापास करत नाही. मुलं होतात."

"व्हय. आणि प्रगतिपुस्तकावर शेरा पण मुलंच मारतात. 'लीव्ज एव्हरीथिंग अनफिनिश्ड.' तेवढं एकच इंग्रजी वाक्य पाठ झालं बघा मला जन्मात." गिरणीच्या धडधडीवरही ऐकू जाईल असं हसलीस. "आता माझी पाळी. बसा खाली. आता हात न टेकता उठायचं."

मी बसले. उठता येईना. गुडघा धरला, भिंत धरली, शेवटी एका कुशीवर वळून कशीबशी उभी राहिले. तू हात दिला नाहीस.

"नापास," म्हणालीस. "उद्या तीन वाजता या."

पस्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं आणि शेरे मारले. त्यातला एक शेरा कुणी असा जपून ठेवला असेल हे मला त्या दिवशी कळलं. तू दहावीच्या सराव परीक्षेत इंग्रजीच्या पेपरातून अर्ध्या वेळात उठून गेली होतीस, हे मला नंतर आठवलं. का उठलीस ते मी त्या वेळी विचारलं नव्हतं. तुझ्याकडे आल्यावर विचारलं, तर म्हणालीस, "आई बाळंत झाली होती मॅडम, धाकटी जन्मली. घरी पाणी भरायला कोण होतं?" मी शेरा मागे घेते म्हटलं. "राहू द्या," म्हणालीस. "त्याच्यावरच तर चाललंय माझं सगळं."

तुझ्या व्यायामशाळेत यंत्र एकही नव्हतं. विलासने, तुझ्या नवऱ्याने, वाळूजच्या कारखान्यातल्या भंगारातून लोखंडी चकत्या आणून तासून दिल्या होत्या आणि त्यांवर ऑइलपेंटने आकडे घातले होते. जमिनीवरून लोखंडी दांडा पाठ न वाकवता उचलायच्या व्यायामाला बाहेर इंग्रजी नाव आहे. तू त्याला 'हंडा' म्हणायचीस. "हंडा कसा उचलता? तस्सा. पाय रोवायचे, पाठ ताठ, श्वास धरायचा." एकाही बाईला दुसऱ्यांदा समजवावं लागत नसे. आणि ज्या दिवशी नळाला पाणी यायचं, आठ दिवसांनी, कधी दहा दिवसांनी, त्या दिवशी वर्गाला सुट्टी. फळ्यावर लिहायचीस: 'आज पाणी. व्यायाम घरीच.'

भिंतीवर वर्तमानपत्रातली कात्रणं होती. गोळाफेकवाल्या, समुद्र पोहणारे, बर्फात दोराला लटकलेले लोक. गिरणीच्या झाडलोटीतल्या पिठाची खळ करून तू ती चिकटवली होतीस. झुरळं त्यांच्या कडा खायची, तू पुन्हा चिकटवायचीस. बहुतेकांची नावं तुला माहीत नव्हती. "नाव कशाला? काम दिसतंय की."

दोन उचलींच्या मध्ये दोन मिनिटं विश्रांती हवी, हे तुझं शास्त्र. बायका मात्र एकदा बसल्या की सासूपासून सिलेंडरपर्यंत सगळं निघायचं आणि दोन मिनिटांची पंधरा व्हायची. तुला त्यावर तोड सापडेना. त्याच सुमारास माझ्या नातवंडांनी मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं. एकट्याने समुद्र ओलांडणारे, डोंगर चढणारे, वजन उचलणारे, अशा माणसांच्या खऱ्या हकिगती. 'आजी, वाच, हातात बळ येईल,' असं आत लिहिलेलं. मी ते तुला दाखवायला आणलं. तू चित्रं पाहिलीस आणि म्हणालीस, "मॅडम, हे मराठीत वाचा. पण दोन-दोन मिनिटांचं. दोन मिनिटं झाली की तोंड बंद. पुढचं ऐकायचं तर दांडा उचलायचा."

मला शिस्तीचं काम मिळालं. सकाळी टेबलाशी बसून मी भाषांतर करायची, घड्याळ लावून मोठ्याने वाचायची, बरोबर दोन मिनिटांवर पेन्सिलने रेघ मारायची. रेघ अशा जागी यायला हवी की ऐकणारीला राहवणार नाही. लाट वर आली आहे, आणि थांब. दोर सुटला आहे, आणि थांब. शहागंजात कापडाचं दुकान असलेली शबाना भाभी दांड्याला हात घालता घालता म्हणायची, "मॅडम, इत्ते जुल्मी कैसे हो तुम? पाण्यात सोडलं त्याला, और खुद बैठ गई पानी पीने." मग उचलायची. सगळ्या उचलायच्या. एवढं मन लावून ऐकणारा वर्ग मला आयुष्यात दुसरा मिळाला नव्हता.

आपला पहिला वाद पुस्तकातल्या एका नावाड्यावरून झाला. शिडाचा खांब मोडल्यावर तो अर्ध्या समुद्रातून परत फिरला. मी वाचून संपवलं, तुझा चेहरा उतरला. बायका गेल्यावर चकत्या रचत म्हणालीस, "असली गोष्ट नको मॅडम."

"खरी आहे ती."

"असू द्या. ह्या बायांनी काय काय अर्ध्यात सोडलंय, तुम्हाला माहीत नाय. कुणी शाळा सोडली, कुणी नोकरी, कुणी माहेर. इथं तरी पोचणारी माणसं आणा."

मी म्हटलं, परत फिरायलाही अक्कल लागते. तू म्हणालीस, "अक्कल असणाऱ्यांना परत यायला घर असतंय." याला उत्तर माझ्याकडे होतं. रिक्षात बसल्यावर सुचलं. उद्या सांगू म्हटलं, आणि राहून गेलं.

आता ते सांगते, जे तुला कधीच सांगितलं नाही.

पुस्तकातली शेवटची हकिगत एका गिर्यारोहक बाईची होती. मेंढपाळाची मुलगी, पंचेचाळीस वर्षांची, एकटी. ती तुम्हा सगळ्यांना पहिल्याच दिवशी आवडली. नाव जिभेवर बसेना म्हणून शबाना भाभीने तिला 'बर्फवाली' केलं. तीन आठवडे ती चढत होती आणि तुम्ही उचलत होता. शेवटच्या गुरुवारी शबाना भाभी पहिल्यांदा चाळीस किलोसमोर उभी होती. रुमालाने हात पुसत होती, घाबरली होती. तू म्हणालीस, "वाचा मॅडम, पोचवा तिला, म्हणजे ही पण उचलतीय." माझ्या हातात वही होती. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'शिखर डोळ्यांसमोर होतं. छातीत खरखर सुरू झाली होती आणि डाव्या हाताची बोटं कळत नव्हती. ती थांबली. तिने वर पाहिलं, आणि ती परत फिरली.'

मी वाचलं, "ती थांबली. तिने वर पाहिलं, आणि ती पुढे चालू लागली."

पुढची ओळ न् ओळ मी तिथेच बनवली. निशाण रोवलं, वारा आणला, तिला रडवलं. शबाना भाभीने चाळीस किलो उचलले. तू टाळ्या वाजवल्यास, खालून गिरणीवाल्याने काय पडलं म्हणून हाक मारली. एका स्वल्पविरामासाठी अर्धा गुण कापणारी मी, तुमच्यासमोर धडधडीत खोटं वाचून वही मिटून बसले. आणि सुजाता, मला आनंद झाला. तो मी लपवणार नाही.

त्यानंतर ती तुझी म्हण झाली. कुणी दांडा खाली ठेवला, कुणी पायऱ्या चढताना दम घेतला, की तू विचारायचीस, "बर्फवाली थांबली का?" आणि बाकीच्या एका सुरात, "नाय!" मी त्या सुरात सूर मिसळला नाही. पण मी काही बोललेही नाही. तुम्हा दोघांनाही, ईशान, तारा, मी ती हकिगत त्याच खोट्या शेवटासह फोनवर सांगितली. पुस्तक तुम्हीच पाठवलेलं. तुम्ही ते वाचलं नव्हतं, हे मी ताडलं होतं.

पाच महिन्यांनी मी जमिनीवरून हात न टेकता उठले. तू पाठमोरी होतीस, कात्रणं चिकटवत होतीस. न वळताच म्हणालीस, "पास." खिडकीच्या काचेत पाहत होतीस, लबाड. आपला करार होता: मी उठले की तू सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीच्या इंग्रजीला बसायचं. तू भरलास. वर्ग संपल्यावर अर्धा तास माझ्यासमोर मांडी घालून बसायचीस, तळव्यांना गंजाचा वास, आणि क्रियापदं म्हणायचीस. "मॅडम, इंग्रजीला पण हंड्यासारखंच आहे. आधी पाय रोवायचे." सत्तरीनंतर मला कुणी काही शिकवेल आणि माझ्याकडून काही शिकेल, असं मला वाटलं नव्हतं. त्या अर्ध्या तासासाठी मी तुझी ऋणी आहे. मनगटापेक्षा जास्त.

जानेवारीत तू आम्हा सगळ्यांना देवगिरीच्या किल्ल्यावर नेलंस. भाकरी, ठेचा, शबाना भाभीचा पुलाव. अंधारीचं भुयार ओलांडून वर आलो आणि बारादरीच्या महालापर्यंतच्या पायऱ्या सुरू झाल्या. मी सावकाश चढत होते, म्हणून माझ्यासोबत तू मागे राहिलीस असं सगळ्यांना वाटलं. पण तूच मागे राहत होतीस. एका वळणावर तू कठड्याला टेकलीस आणि डावा जबडा हाताने दाबलास. थंडी होती, आणि तुझ्या ओठांवर घाम होता.

"काय होतंय?"

"दाढ. किडलीय. चार दिवस झाले, चढलं की ठणकते."

"चढल्यावर दाढ कशी ठणकेल, सुजाता? आपण खाली जाऊ."

वरून शबाना भाभीने विचारलं, "क्या हुआ?" तू मान वर केलीस, हसलीस आणि मोठ्याने म्हणालीस, "मॅडम खाली चला म्हणतात. बर्फवाली थांबली का?"

वरून सगळ्यांनी "नाय!" केलं. तो आवाज किल्ल्याच्या भिंतीवर आपटून परत आला.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. हो. थांबली होती. छातीत खरखर झाली तेव्हा थांबली होती. एवढंच म्हणायचं होतं. मी गप्प राहिले. सात बायकांसमोर, इतक्या महिन्यांनी, मी खोटं वाचलं होतं असं सांगायची मला लाज वाटली. दुसरं काही कारण नव्हतं. तू जबडा दाबत चढलीस, मी तुझ्यामागून चढले. वर फोटो काढला. त्यात आपण दोघी शेजारी आहोत.

घरी आल्यावर मी मला जमतं ते केलं. हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मंगळवार, सकाळी दहा. कॅलेंडरवर लिहिलं. सोमवारी दुपारी तुझा फोन आला. "मॅडम, आमच्याकडं पाणी आज येणार होतं, ते उद्यावर गेलं. सासूबाईंच्या गच्चीवरची टाकी भरायची, मोटर बिघडलीय. डॉक्टर कुठं पळून चालला का? गुरुवारी जाऊ. गुरुवारी इंग्रजी पण घेऊ." मी वाद घातला नाही. पाण्याचा दिवस म्हणजे पाण्याचा दिवस. या शहरात त्याच्यापुढे कुणाचं काय चालतं? दवाखान्यात फोन करून गुरुवार मागून घेतला. मंगळवारवर पट्टीने रेघ मारली. सरळ, नीट रेघ आहे. अजून कॅलेंडरवर आहे.

मंगळवारी सकाळी साडेनऊला तू जिन्यात बसलीस. विलास नळाशी होता. तो म्हणाला, बस जरा, मी नेतो. तू म्हणालीस, "दोनच राहिले." तेच तुझे शेवटचे शब्द. दांड्याखाली नाही, भिंतीवरच्या माणसांसारखी बर्फात नाही. सासूच्या जिन्यात, हंड्याशेजारी. हंडा तू पायरीवर सरळ ठेवला होतास, एक थेंब सांडला नव्हता, असं विलास पुन्हा पुन्हा सांगतो.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले. वंदना झाली, लोक उठले. मी विलासला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. वही दाखवली, खरी ओळ वाचून दाखवली. त्याने वही मिटून मला परत दिली. मग म्हणाला, "मॅडम, गोष्टीनं काय होतंय? ती कुणाचं ऐकली असती व्हय? आईचं नाय, माझं नाय." तो मला सोडवायला बघत होता. पण सुजाता, तू माझं ऐकत होतीस. माझा पंचवीस वर्षांपूर्वीचा एक शेरा ऐकत होतीस. म्हणून मला त्याच्या बोलण्याने सुटका मिळत नाही. मिळू नये असंही वाटतं. तू खरं ऐकून उतरली असतीस की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

निघताना विलासने एक कागद दिला. तुझं हॉल तिकीट. फोटोत तू परेडला उभी असल्यासारखी ताठ. इंग्रजीचा पेपर परवा झाला. अकरा वाजता मी टेबलाशी बसून होते. अर्ध्या वेळात उठले.

तुला बाकीचंही कळायला हवं. गिरणीवाल्याने वरच्या खोलीत पोती रचली आहेत. त्याचा दोष नाही, जागा त्याची आहे. चकत्या विलास घेऊन गेला. त्या कुठे आहेत, मी विचारलं नाही. कात्रणं भिंतीवरच राहिली, आता झुरळांना मोकळं रान आहे. बायका एकदा माझ्याकडे जमल्या. चहा झाला. त्यांनाही मी खरं सांगितलं. कुणी रागावलं नाही. शबाना भाभी कप फिरवत म्हणाली, "मॅडम, वो चालीस किलो मैंने उठाए थे ना? वो तो सच था ना?" मी म्हटलं, हो, ते खरं होतं. मग ती रडली. त्यानंतर कुणी आलं नाही. मी व्यायाम बंद केला आहे. काल बरणीचं झाकण उघडलं नाही, मनगट पुन्हा दुखू लागलं आहे. जमिनीवर बसून पाहिलं नाही. बसले आणि उठता आलं नाही तर 'नापास' म्हणायला कुणी नाही.

आपला वाद अर्धाच राहिला आहे. तू म्हणाली होतीस, परत यायला घर लागतं. माझं रिक्षात सुचलेलं उत्तर असं होतं: घर नसेल तर आमच्याकडे ये. पण ते वेळेवर सांगायला हवं होतं.

तारा, तुला मी उपदेश करणार नाही. माझ्या शब्दावर विसंबून कुणी काही करावं अशी माझी लायकी राहिलेली नाही. तुझा पाय तुझा आहे. मी फक्त माझ्या वहीतलं पान दुरुस्त करते आहे. लाल शाईने केलं आहे, त्याचा फोटो सोबत पाठवते. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्या बाईबद्दल चार ओळी आहेत. त्या मी तेव्हा भाषांतरात घेतल्याच नव्हत्या. आता घेतल्या आहेत. त्या खऱ्या आहेत का, हेही या वेळी टॅबवर शोधून पाहिलं.

सुजाता, बर्फवाली थांबली होती. शिखर समोर दिसत असताना ती परत फिरली. त्या शिखरावर ती पुन्हा कधी गेली नाही. तिच्या डाव्या हाताला तीन बोटं आहेत आणि ती मेंढ्या पाळते. ती आता एक्याऐंशी वर्षांची आहे.

ती जिवंत आहे.